फाइलवर तुझं नाव कुठंय गं?

परवा तुझा फोन आला तेव्हा माझे हात कणकेत होते, म्हणून नीट बोलता आलं नाही. "ताई, ऑफिसच्या तपासणीत माझी शुगर बॉर्डरवर आलीय. आता मलाही आईसारखं इंजेक्शन घ्यावं लागणार का?" एवढं विचारलंस आणि तुझा गळा भरून आला. मी "काही होत नाही गं" म्हणाले आणि फोन ठेवला. रात्री मात्र माझे तेच शब्द मला टोचत राहिले. घाबरलेल्या माणसाला "काही होत नाही" म्हणणं म्हणजे त्याचं ऐकूनच न घेणं. म्हणून आज सगळं आवरून बसलेय. तूही चहा घेऊन बस. साखर घातलीस तरी आज मी रागावणार नाही.

आधी त्या आकड्याकडे बघू. तुझं एचबीए१सी आलंय ६.१. ही तपासणी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांत तुझ्या रक्तात साखर सरासरी किती होती याचा हिशेब. रक्तातल्या तांबड्या पेशींना साखर चिकटते, ती किती चिकटली ते यात मोजतात. ५.७ च्या खाली असलं की ठीक, ६.५ किंवा त्याहून जास्त असलं की मधुमेह, आणि मधली पट्टी ही मधुमेहाच्या आधीची पायरी. तू त्या पायरीवर आहेस. उपाशीपोटीच्या साखरेचंही असंच: १०० च्या आत बरी, १२६ पासून पुढे मधुमेह, मधलं सगळं बॉर्डर. आणि हे बघ, तुझं हिमोग्लोबिन कायम कमी असतं. अंगात लोह कमी असेल तर एचबीए१सीचा आकडा उगाच जास्त दिसू शकतो. त्यामुळे एका कागदावरून रडत बसायचं नाही, आणि "मशीन चुकलं असेल" म्हणून तो कागद ड्रॉवरमध्ये कोंबायचाही नाही. मी नेमकं तसंच काहीसं केलं होतं, ते पुढे सांगते.

तुझ्या प्रश्नात खरा घोळ काय झालाय सांगू का? आपल्या घरांत सगळ्यालाच "शुगर" म्हणतात. आईला शुगर, माझ्या मावसबहिणीच्या मुलाला शुगर, तुला लेकीच्या वेळी झालेली तीही शुगर. नाव एक, पण आजार वेगळे. ते वेगळे कळले की निम्मी भीती जागच्या जागी उतरते.

असं समज, रोज सकाळी दूधवाला दाराशी येतो. दूध म्हणजे आपल्या रक्तातली साखर, आणि दाराची बेल म्हणजे इन्सुलिन. बेल वाजली की घरातलं कुणीतरी उठतं, दार उघडतं, दूध आत जातं. शरीरातल्या पेशींचं असंच असतं. स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं, पेशींची दारं उघडतात, साखर आत जाते आणि तिची शक्ती होते. आता टाइप १ मध्ये बेलच नाहीशी होते. शरीराची जी रोगाशी लढणारी यंत्रणा असते, ती चुकून आपल्याच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशींवर उलटते आणि त्या मारून टाकते. दूध दाराबाहेर साठत राहतं आणि घरातली माणसं उपाशी. म्हणून यात बाहेरून इन्सुलिन द्यावंच लागतं, पहिल्या दिवसापासून आणि रोज.

मावसबहिणीच्या मुलाची शुगर ती हीच, मी जवळून पाहिलीय गं. आठ वर्षांचा होता. अचानक रात्री अंथरूण ओलं करायला लागला. शाळेतून आला की दप्तर न काढता माठाशी उभा राहून तांब्याच्या तांब्या पाणी प्यायचा. चड्डी कंबरेवरून घसरायला लागली. उन्हाळा होता, सगळे म्हणाले उन्हामुळे तहान लागते. मग एका सकाळी उलट्या सुरू झाल्या, श्वास खोल आणि भराभर लागला, तोंडाला पिकल्या फळासारखा वास येत होता. थेट आयसीयूत न्यावं लागलं. आणि मी, त्याची मावशी, दवाखान्याच्या पायऱ्यांवर त्याच्या आईला म्हणाले, "किती चॉकलेटं द्यायचीस त्याला!" ती काही बोलली नाही. नुसती पदराचं टोक पिळत उभी राहिली. नंतर मला कळलं की चॉकलेटचा, साखरेचा या टाइप १ शी काही संबंध नाही. तिनं काहीही चुकीचं केलं नव्हतं. मी तिची माफी मागितली, पण त्या पायऱ्या अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत. म्हणून तुला आधीच सांगून ठेवते: लेकरू अचानक खूप पाणी प्यायला लागलं, वाळायला लागलं, रात्री ओलं करायला लागलं, तर त्याच दिवशी बोटातून रक्त काढून साखर बघून घ्यायची. पाच मिनिटांचं काम आहे. उद्यावर टाकायचं नाही.

तो मुलगा आता कॉलेजात आहे. परवा एका मुंजीत माझ्या शेजारी पंगतीला बसला होता. ताट वाढून झालं तसं त्यानं बोटाला सुई लावली, मशीनवरचा आकडा बघितला, ताटातल्या भाताकडे आणि जिलबीकडे एक नजर टाकली, इन्सुलिनच्या पेनवर आकडा फिरवला आणि शर्ट जरा वर करून पोटावर टोचून घेतलं. समोरच्या काकू लगेच म्हणाल्या, "अगोबाई, शुगर असून जिलबी!" त्यानं हसून एक जिलबी खाल्ली. त्याला त्याचा हिशेब माहीत होता. हे इंजेक्शन आलं कुठून, तर १९२१ च्या उन्हाळ्यात कॅनडातल्या टोरोंटोत फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी इन्सुलिन शोधलं, आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला ते दिलं गेलं. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून थोडे महिने जगवायचे, दुसरा इलाजच नव्हता. बँटिंगचा जन्म १४ नोव्हेंबरचा, म्हणून जागतिक मधुमेह दिन त्या दिवशी असतो. आपल्याकडे तोच बालदिन. मला दरवर्षी त्या दिवशी हाच मुलगा आठवतो. अशा मुलाचं इन्सुलिन कुणी बुवा किंवा कुणी वैदू बंद करायला सांगत असेल, तर तू मध्ये पड. वाईटपणा येऊ दे. इन्सुलिन थांबलं तर काही दिवसांत त्या मुलाच्या जिवावर बेततं.

आता आईची शुगर. ती टाइप २. आपल्याकडे दहातल्या नऊ जणांना हीच असते. यात बेल आहे, वाजतेय, पण घरातल्यांना ऐकू कमी यायला लागलंय. यकृतात, पोटात, स्नायूंत चरबी साठते, स्नायूंना काम राहत नाही, आणि पेशी इन्सुलिनचं ऐकेनाशा होतात. मग बिचारं स्वादुपिंड आणखी जोरात, आणखी वेळ बेल वाजवतं. वर्षानुवर्षं. तेव्हा रिपोर्ट बरा येतो, कारण दूध कसंबसं आत जात असतं. हळूहळू ती बेलच झिजते. आईला इन्सुलिन सुरू झालं ते तिनं पथ्य मोडलं म्हणून नाही गं. वीस वर्षं वाजून वाजून बेल झिजली, म्हणून बाहेरची लावली. ती शिक्षा नाही. पुढच्या वेळी ती चोरून पेढा खाते म्हणून तिच्यावर डाफरण्याआधी हे आठव. त्यापेक्षा रात्री तिचे तळपाय बघत जा, कुठे चीर, फोड, काळं पडलंय का. वर्षातून एकदा डोळ्यांच्या पडद्याची आणि लघवीची तपासणी करून घे. आणि तिला दरदरून घाम सुटला, हात थरथरले, काहीतरीच बोलायला लागली, तर आधी तीन चमचे साखर पाण्यात घालून पाज आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपास. पण हे ती शुद्धीवर असून गिळू शकत असेल तरच. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता सरळ दवाखाना.

तिसरी, तुझी जुनी शुगर. लेकीच्या वेळी सातव्या महिन्यात आलेली. ७५ ग्रॅम ग्लुकोजचं ते घशाला चिकटणारं पाणी पिऊन दोन तास बसवलं होतं ना, आणि आकडा १४० च्या वर गेला होता. वारेतून येणारी संप्रेरकं इन्सुलिनचं काम अडवतात, म्हणून तेव्हा साखर वाढते, आणि बाळंतपण झालं की बहुतेकींची उतरते. उतरते म्हणूनच आपण फसतो. मलाही धाकट्याच्या वेळी झाली होती. तो जन्मला, पेढे वाटले, पाहुणे आले, आणि ती फाइल माळ्यावर गेली. बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांत पुन्हा तीच दोन तासांची तपासणी करायची असते आणि नंतरही एक ते तीन वर्षांतून एकदा बघायचं असतं, हे मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. कागदावर लिहूनही दिलं होतं. मी नऊ वर्षं गेले नाही. दर वर्षी सासऱ्यांची तपासणी, सासूबाईंची तपासणी, मुलांचे दात, मुलांचे डोळे, सगळं वेळच्या वेळी. नऊ वर्षांनी तपासणी केली तेव्हा माझं एचबीए१सी ६.२ होतं. ज्यांना गरोदरपणात शुगर होते, त्यांना पुढे टाइप २ होण्याची शक्यता इतरांपेक्षा सात ते दहा पट असते. मला हे ठाऊक असतं तर मी माळ्यावर चढले असते.

याखेरीज आणखीही प्रकार आहेत. काहींना एका जनुकातल्या बिघाडानं घराण्यात तरुणपणीच शुगर येते, काहींना स्वादुपिंडाच्या आजारानं, काहींना स्टेरॉइडच्या औषधांनी. लहानपणच्या उपासमारीतून होणाऱ्या मधुमेहाला २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानं टाइप ५ असं वेगळं नाव दिलं. आणि टाइप १ मोठेपणीही होऊ शकतो. हे सगळं तू पाठ करायचं नाहीस. एवढंच लक्षात ठेव की शेजारणीच्या गोळ्या आपल्याला चालत नाहीत, कारण तिची शुगर कदाचित आपली नाहीच.

तू म्हणशील, "पण ताई, मी काही जाडी नाही." बघ, इथेच आपण मराठी बायका फसतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्यभर यावरच काम केलं. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचाच फोटो छापला. दोघंही शेजारी शेजारी उभे, दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांमध्ये २१.२ टक्के! दिसायला दोघंही सडपातळ. याज्ञिकांच्या चमूनं १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या आया आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. आपली बाळं सरासरी पावणेतीन किलोच्या आतबाहेर जन्मतात, इंग्लंडच्या बाळांपेक्षा बरीच हलकी. पण कमी असतो तो स्नायू, चरबी तेवढी कमी नसते. म्हणजे बारीक अंगात लपलेली चरबी आपण जन्मापासून घेऊन येतो. म्हणून वजनकाट्यावर फार विश्वास ठेवू नकोस. शिवणाच्या डब्यातली टेप घे. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता कंबर मोज. बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी, पुरुषांची ९० च्या आत. परकराच्या नाडीवरून अंदाज करू नकोस, नाडी पोटाच्या खाली बांधली जाते आणि ती आपल्याला खोटं सांगते. मानेवर मागे काळपट, मखमलीसारखी जाडसर कातडी दिसतेय का तेही आरशात बघ. ती घासून जात नाही, तो मळ नसतो. पेशींना बेल ऐकू येत नसल्याची ती खूण असू शकते.

आणि तू एकटी नाहीस हं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशभरच्या पाहणीत, २०२३ मध्ये तिचे आकडे आले, दहा कोटींवर लोकांना मधुमेह आणि साडेतेरा कोटींवर लोक तुझ्यासारखे पायरीवर निघाले. सगळ्यात जास्त प्रमाण गोव्यात, शंभरातल्या सव्वीस मोठ्या माणसांना.

आता ज्यासाठी तू फोन केला होतास ते. इंजेक्शन लागणारच का? खरं सांगू का, तुझ्या हातात बरंच आहे. अमेरिकेत अशाच पायरीवरच्या माणसांना दोन गोष्टी करायला सांगितल्या: वजन सात टक्के उतरवायचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं झपाझप चालायचं. २००२ मध्ये निकाल आला, मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी. मेटफॉर्मिन नावाची गोळी घेतलेल्यांत ते ३१ टक्क्यांनीच कमी झालं होतं. आपल्या माणसांचं काय, तर चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी तसाच प्रयोग केला, २००६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ज्यांनी काहीच वेगळं केलं नाही, त्यांच्यातल्या शंभरातल्या पंचावन्न जणांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांनी खाणं आणि चालणं बदललं, त्यांच्यात एकोणचाळीस. मी तुला "नक्की टळेल" असं वचन देणार नाही. आपल्या अंगाचा कल त्या बाजूचा आहेच. पण तीन वर्षांत एवढ्या माणसांचा मधुमेह थांबतो किंवा पुढे ढकलला जातो, आणि तुझं ६४ किलोतलं साडेचार किलो वजन त्यासाठी पुरतं, हे मला फार मोठं वाटतं. पुढे ढकललेलं प्रत्येक वर्ष म्हणजे डोळ्यांना, मूत्रपिंडांना, पायांना मिळालेलं वर्ष.

चल, स्वयंपाकघरात. माझा आकडा आला तेव्हा मी आधी काय केलं, तर साखरेचा डबा उचलून गुळाचा डबा ठेवला. चहात गूळ, शिऱ्यात गूळ, आणि गूळ चांगला म्हणून जरा जास्तच. गूळही शेवटी साखरच गं, रक्तात तशीच चढते. मधही तसाच. मग "शुगर-फ्री" लिहिलेली बिस्किटं आणली. त्यात साखर नव्हती, पण मैदा होता, तूप-तेल होतं. मग सकाळी संत्र्यांचा रस. चार संत्री सोलून खायला वेळ लागतो आणि पोट भरतं, रस एका घोटात जातो आणि चोथा गाळणीत राहतो. फळ खा, रस नको. आणि संकष्टीला साबुदाण्याची खिचडी, वर बटाटा. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. आता मी शेंगदाण्याची आमटी पातेलंभर करते, भगर वाटीभरच, सोबत काकडीची कोशिंबीर आणि ताक. देवाची काही तक्रार नाही.

आपला खरा प्रश्न गोडाचा नाहीच, ताटाचा आहे. सकाळी पोहे, दुपारी तीन पोळ्या, बटाट्याची भाजी आणि वर भात, चारला चहा-बिस्किट किंवा खारी, रात्री पुन्हा वरण-भात. आपण म्हणतो, मी तर गोड खातच नाही. पण त्या ताटात डाळ-उसळीचा घास कुठे आहे? वरण म्हणजे नुसतं पिवळं पाणी. म्हणून ताट असं लाव: निम्मं ताट भाज्यांचं, कोशिंबीर, पालेभाजी, गवार, भोपळा, जे मिळेल ते. बटाटा भाजीत धरायचा नाही, तो पोळीच्या बाजूचा. पाव ताट मूग-मटकीची उसळ, घट्ट वरण, पिठलं, अंडं, मासा किंवा पनीर. उरलेल्या पाव ताटात पोळी किंवा भाकरी किंवा भात. ज्वारी-नाचणी चांगली, पण भाकरी चांगली म्हणून तीन भाकऱ्या नाही हं. आणि खाताना आधी कोशिंबीर आणि उसळ, मग पोळी, भात शेवटी आणि वाटीनं मोजून. सकाळच्या पोह्यांत मटार, शेंगदाणे, मोड आलेले मूग घाल आणि पोहे निम्मे कर. मुगाचं धिरडं तर तुझ्या लेकीलाही आवडतं.

आणि एक गोष्ट जी कुठल्याच डॉक्टरनं मला विचारली नाही. सगळ्यांची जेवणं झाल्यावर ओट्याशी उभं राहून आपण पातेल्याच्या तळाशी उरलेला भात, लेकीनं टाकलेली अर्धी पोळी, वाटीतला शिरा संपवतो. अन्न वाया जायला नको म्हणून. मी एकदा आठवडाभर लिहून ठेवलं होतं, रोज निदान एका पोळीएवढं माझ्या ताटाबाहेर पोटात जात होतं. आता उरलेलं मी डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवते आणि स्वयंपाकच एका मुठीनं कमी करते. आपलं पोट म्हणजे उरलंसुरलं ठेवायचा डबा नाही गं.

सासूबाई म्हणतील, "हिचं आता वेगळं पथ्य!" तू वेगळं काही करूच नकोस. हेच जेवण सगळ्यांना कर. तुझ्या लेकीची आजी मधुमेही, आई पायरीवर, नवऱ्याचं पोट पुढे आलेलं. या घरात या ताटाची गरज नाही असं कोण आहे? पहिले पंधरा दिवस कुरकुर होईल. नंतर उसळ आधी संपते, मी पाहिलंय.

चालण्याबद्दल तू लगेच म्हणशील की दिवसभर घरात-ऑफिसात पायांवर उभीच असते. उभं राहणं वेगळं, चालणं वेगळं. चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतका दम लागायला हवा. आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास. एका वेळी जमत नसेल तर तीनदा दहा-दहा मिनिटं, आणि त्यातली दहा मिनिटं रात्रीच्या जेवणानंतर. आपले आजोबा शतपावली घालायचे ना, तेच, फक्त शंभर पावलांवर थांबायचं नाही. यातली गंमत ऐक: स्नायू हलायला लागला की तो बेल वाजायची वाट बघत नाही, आपणहून दार उघडून साखर आत घेतो. म्हणून इन्सुलिनचं ऐकू येत नसलं तरी चालण्याचा उपयोग होतो. आठवड्यातून दोनदा स्नायूंना वजनाचं कामही दे. खुर्चीतून हात न टेकता पंधरा वेळा ऊठ-बस, भिंतीला हात लावून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. आपल्या अंगात मुळात स्नायूच कमी, तो वाढवायचाय.

झोपेचं तुला आधीही बोललेय. नवरा येईपर्यंत थांबून दहा-साडेदहाला जेवायचं, मग भांडी, मग मोबाइल, की एक वाजला, आणि साडेपाचला डब्यासाठी उठायचं. पाचेक तासांच्या झोपेनं इन्सुलिनचं काम आणखी मंदावतं. तू आठला लेकीबरोबर जेवून घे. नवऱ्याला वाढताना शेजारी बसून बोल, जेवू नकोस. यात प्रेम कमी होत नाही.

डॉक्टरांनी तुला मेटफॉर्मिन सुचवलं तर घाबरू नकोस. गरोदरपणात शुगर झालेल्या बायकांना या पायरीवर ते कधी कधी देतात. पण आईच्या डब्यातली गोळी काढून घ्यायची नाही, आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी कारल्याच्या रसासाठी सोडायची नाही. रस आवडत असेल तर पी, औषध म्हणून नको.

आता माझं ऐक. तुझ्या घरी कपाटाच्या वरच्या कप्प्यात फायली आहेत, मी पाहिल्यात. आईची निळी, सासूबाईंची हिरवी, लेकीची लसीकरणाची, नवऱ्याच्या विम्याची. तुझ्या नावाची एकही नाही. येत्या शनिवारी सकाळी सातला मी तुझ्या दाराशी येते. आदल्या रात्री आठनंतर काही खायचं नाही, पाणी चालेल, सकाळचा चहा नाही. ती दोन तासांची ग्लुकोजची तपासणी पुन्हा करू आणि हिमोग्लोबिनही बघू. त्या दोन तासांत फेऱ्या मारायच्या नसतात, एका जागी बसून राहायचं असतं, मी शेजारी बसते. लेकीला नवऱ्याकडे सोड, त्याला डबा करता येतो. कोरी फाइल आणि मार्कर मी घेऊन येतेय, नाव तू घाल.